पहिलं अर्कयंत्र: वन बीएचकेच्या ओट्यावर कुठलं मावेल?

मरवा_दवणा:

नमस्कार मंडळी. गुलाबपाणी, गवती चहाचं पाणी, वाळ्याचं पाणी घरी काढायला पहिलं छोटं अर्कयंत्र घ्यायचं आहे. दारूशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे धागा भरकटणार नाही.

घर चेंबूरला, सातवा मजला, वन बीएचके. ओटा दोन फूट रुंद, ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत जेमतेम २२ इंच. पालिकेचं पाणी सकाळी दीड तास, मग दिवसभर गच्चीवरच्या टाकीचं. दोन बर्नरची शेगडी आहे, २००० वॅटचं इंडक्शनही आहे. एका खेपेला ३००-४०० मिली निघालं तरी पुष्कळ. तेल सुटलं तर आनंदच, पण त्यासाठी अडून बसलेले नाही.

चार गोष्टी नजरेत आहेत. तांब्याचं ५ लिटरचं, कांद्यासारख्या डोक्याचं. स्टीलचं १२ लिटरचं, झाकणाला थर्मामीटर आणि सोबत छोटा पंप. काचेचा १ लिटरचा सेट. आणि ते फिल्टरसारखं दिसणारं, प्लग लावला की चालणारं ४ लिटरचं. बजेट ८-१० हजार. काय घेऊ आणि काय अजिबात नको?


ठिबक:

लिटर बघून निवडताय, तिथेच गडबड आहे. फ्लॅटमध्ये भांडं हा प्रश्नच नसतो, प्रश्न वाफ गार कशी करणार हा असतो. तो सुटला की पोह्यांच्या पातेल्यातही अर्क निघतो. नाही सुटला तर महागडं तांबं घेऊनही सगळा सुगंध एक्झॉस्ट फॅनमधून शेजाऱ्यांकडे.

हिशोब करून बघा. १ लिटर पाण्याची वाफ परत पाणी होऊन ४० अंशांपर्यंत गार व्हायची तर तिच्यातून साधारण २५०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. २० लिटरची बादली २८ अंशांवरून ४० अंशांवर गेली की तिने सुमारे १००० किलोज्यूल घेतलेले असतात. म्हणजे एक बादली = ४०० मिली अर्क. तुम्हाला हवं तेवढंच. त्यापुढे काढायचं असेल तर दर ४०० मिलीला साधारण २ किलो बर्फ टाका, किंवा बादली बदला.

आता त्या १२ लिटरच्या स्टीलच्या सेटकडे बघा. त्याचं गार करायचं भांडं बहुधा ३-४ लिटरचं असतं. तेवढं पाणी ८० मिली अर्क पडेपर्यंत तापून जातं. म्हणून तर पंप सोबत देतात: नळ सतत चालू ठेवा नाहीतर पंपाने बादलीतलं पाणी फिरवा. नळ चालू ठेवला आणि पाणी १५ अंश तापून बाहेर पडत असेल, तर लिटरभर अर्कामागे ४० लिटर पाणी मोरीत. दीड तासाच्या पाण्यात ते परवडणारं नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी टाकीचं पाणी मुळातच कोमट असतं. सकाळी भरून सावलीत ठेवलेली बादली त्यापेक्षा बरी.

थर्मामीटरवर एक पैसाही जास्त देऊ नका. आपल्या कामात वाफ पाण्याची असते. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे काटा पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत १००च्या आसपासच उभा राहणार. तो वेगळ्या उद्योगासाठी लावलेला आहे.

प्लगवालं अजिबात नको. पंख्याने गार होतं, पाणी लागत नाही, हे खरं. साधारण ७५० वॅटचं असतं, तासाला लिटरच्या आसपास पाणी देतं. इस्त्रीसाठी, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी छान. पण आत पानं टाकली की ती थेट तापणाऱ्या बुडावर बसतात आणि करपतात. झाकणातली गुंडाळी उघडता येत नाही, म्हणून एकदा गवती चहा काढला की महिनाभर सगळ्या पाण्याला तोच वास.


कुकरवाला:

ठिबकशी सहमत. त्यापुढे जाऊन म्हणतो, पहिलं यंत्र विकत घेऊच नका, जुळवा. ५ लिटरचा स्टीलचा प्रेशर कुकर, अ‍ॅल्युमिनियमचा नको. मोदकपात्रातली चाळणी किंवा स्टीलची जाळी, आत तीन-चार इंच उंचीच्या स्टँडवर. ३ मीटर तांब्याची नळी, ३/८ इंच, एसीवाल्यांकडे मिळते ती. फूड ग्रेड सिलिकॉन ट्यूब पाऊण मीटर. पेंटची रिकामी २० लिटरची बादली. झालं.

शिट्टीचं वजन काढून ठेवायचं, ती जिथे बसते त्या नळीवर सिलिकॉन ट्यूब घट्ट चढवायची. झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवरच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. ट्यूबवर कुठेही चिमटा, नळाची तोटी, व्हॉल्व्ह असलं काहीही नको. अर्कयंत्राचं दुसरं टोक कायम उघडं असतं, हा एकच नियम पाळला तर बाकीच्या चुका फार तर अर्क बिघडवतात. टोक बंद झालं, तर तो बंद कुकर.

पीव्हीसीची पारदर्शक नळी वापरू नका. वाफेने ती लोळागोळा होते आणि प्लास्टिकचा वास अर्कात उतरतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते बादलीत. लोक नळीची गुंडाळी करून बादलीत सोडतात आणि दुसरं टोक काठावरून परत वर काढतात. मग तळाच्या वेढ्यांत पाणी साचतं, वाफ मागून ढकलते, अर्क पिचकाऱ्या मारत येतो आणि मध्येच थांबतो. गुंडाळी वरून खाली सतत उतरती हवी आणि टोक बादलीच्या बुडाजवळून बाजूने बाहेर. बुडापासून दोन इंचांवर भोक पाडून टँक निपल बसवा, टाकीला प्लंबर लावतो तोच, आणि त्यातून नळी काढून फट सिलिकॉन सीलंटने बुजवा. २४ तास सुकू द्या.

पाणी ढवळू नका. गरम पाणी वर तरंगतं, थंड तळाशी राहतं आणि अर्क तळातूनच बाहेर पडतो, म्हणजे शेवटचा वेढा कायम थंड. बदलायचंच असेल तर नळीने ताजं पाणी तळाशी सोडा आणि वरचं गरम मगाने काढा. हे एवढं केलं तर पंपाची गरज नाही.

मांडणी: कुकर ओट्यावर, बादली दीड फुटाच्या स्टुलावर ओट्याला खेटून, बाटली खाली पाटावर. ट्यूब कुकरच्या झाकणावरून बादलीकडे उतरतीच हवी, मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचणार. २२ इंच उंची कुकरला आरामात पुरते.

एसीची नळी आतून तेलकट असू शकते. आधी गरम साबणाचं पाणी, मग सायट्रिक अ‍ॅसिड (लिटरला १० ग्रॅम), मग साधं पाणी. त्यानंतर नुसत्या पाण्याची अर्धा तास वाफ सोडून जे पडेल ते फेकून द्या. नव्या गॅस्केटचा रबरी वासही त्यातच बराच निघतो. नाही निघाला तर गॅस्केट सिलिकॉनची घ्या.


काचकाम:

काचेची बाजू कोणीतरी मांडायला हवी. तेल खरंच बघायचं असेल तर काचेला पर्याय नाही. क्लेव्हेंजरच्या नळीत (तेल आणि पाणी वेगळं करणारी काचेची नळी) तेलाचा थर डोळ्यांनी दिसतो, ०.१ मिलीच्या खुणांवर मोजता येतो आणि खालचं पाणी आपोआप फ्लास्कमध्ये परत जातं. कुठलाही वास चिकटत नाही. काय चुकतंय ते दिसतं, आणि शिकायला हीच मोठी सोय.

पण तुमच्या ओट्यावर नको. हीटिंग मँटल (फ्लास्क तापवायची विजेची बैठक), फ्लास्क, वर पानांचा भाग आणि कंडेन्सर असं उभं रचलं की अडीच फुटांच्या आसपास जातं. कपाटाखाली मावणार नाही, जेवणाच्या टेबलावर स्टँड लावून करावं लागेल. शिवाय लीबिग कंडेन्सरला, म्हणजे वाफ गार करणाऱ्या काचेच्या दुहेरी नळीला, फिरतं पाणी हवंच. कूलरमध्ये असतो तो १८ वॅटचा पंप चालतो. मात्र ज्या सॉकेटवर लावाल त्या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असू द्या. बादली, वाफ आणि वीज एकत्र आहेत.

घेतलाच तर १ लिटरचा नको, २ लिटरचा फ्लास्क घ्या. फ्लास्क दोन-तृतीयांशाच्या वर भरता येत नाही, १ लिटरमध्ये जेमतेम १०० ग्रॅम पानं बसतात. सगळे जोड एकाच मापाचे, २४/२९. म्हणजे एखादा भाग फुटला तर प्रिन्सेस स्ट्रीटला सुटा मिळेल. उकळखडे (उकळी एकसारखी ठेवणारे बारीक खडे) टाकायला विसरू नका, नाहीतर पाणी शांत बसून एकदम उसळतं आणि पानांचा चोथा कंडेन्सरमध्ये. आणि गरम फ्लास्क ओल्या ओट्यावर ठेवायचा नाही. बोरोसिलिकेट झालं तरी काचच ती.

पुष्कळांना पहिल्या दोन महिन्यांत तेलाचा सोस सुटतो आणि सुगंधी पाणीच आवडायला लागतं. म्हणून आधी कुकर, हे मलाही पटतं.


मरवा_दवणा:

बापरे, भरपूर मिळालं. धन्यवाद. तांब्याबद्दल कोणीच बोललं नाही. आणि इंडक्शनवर चालेल का? सिलेंडर वाचला असता.


ठिबक:

तांबं सुंदर आहे, चालतंही छान, पण ते दुसरं यंत्र म्हणून घ्या. इंडक्शनवर तांबं तापत नाही. डोकं आणि भांडं यांचा सांधा दर वेळी कणकेच्या लुगदीने बुजवावा लागतो, बिर्याणीच्या हंडीला लावतात तसाच. फुलांचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे ओलं ठेवलेलं तांबं हिरवं धरतं आणि पुढच्या खेपेचे पहिले थेंब निळसर येतात. ते टाकून द्यायचे. पावसाळ्यात दर वापरानंतर पुसून, उलटं वाळवून ठेवायचा कंटाळा येणार असेल तर स्टीलच बरं. पुढे घ्यावंसं वाटलंच तर पायधुनीच्या तांबाकाट्याला जाऊन हातात धरून बघा: पत्रा दाबून बघा, सांधे डोळ्यांसमोर धरा, आत शिसं मिसळलेलं डाग काम नाही ना ते स्पष्ट विचारा.

इंडक्शन: स्टीलच्या कुकरचं बूड चुंबक धरत असेल तर तापेल. अडचण वेगळीच आहे. आपल्याला लागतात ४००-५०० वॅट, आणि घरगुती इंडक्शन एवढ्या कमी आचेवर सलग चालत नाही. दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं करतं. बंद झालं की कुकरमधली वाफ आकसते आणि नळीतून हवा मागे ओढली जाते. बाटलीतलं टोक अर्कात बुडालेलं असेल तर अर्कही मागे जातो. म्हणून छोटा बर्नर, उकळी फुटली की अगदी मंद. सेकंदाला दोन थेंब पडायला हवेत, म्हणजे तासाला साधारण ३६० मिली. धार लागली तर आच जास्त आहे. टोकातून वाफेचे फवारे दिसले तर सुगंध हवेत चाललाय: आच कमी करा किंवा बादलीत बर्फ टाका. बाटलीत पडणारा अर्क हाताला कोमटसुद्धा लागता कामा नये.

बंद करताना आधी नळीचं टोक अर्काच्या बाहेर आहे ना बघा, मग गॅस. पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडू नका.


भोळासांब:

एवढं सगळं जुळवलंच आहे तर त्याच कुकरमध्ये मोहाची थोडी काढून बघायला काय हरकत आहे? घरच्यापुरती. सुरुवातीचे थेंब फेकले की विषारी भाग जातो म्हणतात.


खारेगाव_लोकल:

हरकत कायद्याची आहे आणि घर पेटण्याचीही.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, ‘घरच्यापुरती’ अशी सूट नाही. कलम ६५ मध्ये दारू गाळण्यासाठी भट्टी, भांडी, साहित्य बाळगणंसुद्धा येतं. फुलांचं पाणी काढायला कुकर आणि नळी ठेवणं वेगळं, आणि त्याच नळीशेजारी आंबवलेल्या मोहाचा डबा ठेवणं वेगळं. राज्य उत्पादन शुल्कवाल्यांना दुसऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गोव्यात फेणीच्या भट्ट्या चालतात त्या तिथल्या कायद्याने, परवाना घेऊन.

दुसरं म्हणजे आग. पाण्याची वाफ गळली तर चटका बसतो. मद्यार्काची वाफ गळली तर ती शेगडीच्या ज्योतीपर्यंत पोचते आणि पेट घेते. बंद स्वयंपाकघरात, सातव्या मजल्यावर, खाली-वर माणसं राहतात. ‘पहिले थेंब फेकले की झालं’ हेही खरं नाही: मिथेनॉल फक्त पहिल्या थेंबांतच येतं असं नसतं, ते पुढेही उतरत राहतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच, तिथे तर औद्योगिक मिथेनॉल थेट दारूत मिसळलं होतं. हा विषय या धाग्यात इथेच थांबवू या.

मरवाताई, तुमच्यासाठी एक. पुढेमागे गुलाबपाणी विकावंसं वाटलं, तर सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवून विकायला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना लागतो. घरी वापरा, मैत्रिणींना द्या, पण लेबल छापून प्रदर्शनात टेबल लावण्याआधी एफडीएच्या कार्यालयात चौकशी करा.


कुकरवाला:

आता मापं देतो, म्हणजे पहिली खेप वाया जाणार नाही.

गवती चहापासून सुरू करा. स्वस्त, वास दणदणीत, चुकलं तर लगेच कळतं. ३०० ग्रॅम ताजी पानं अर्धा दिवस सावलीत मलूल होऊ द्या, इंचभर तुकडे करा. कुकरमध्ये १ लिटर पाणी, वर चाळणी, चाळणीवर पानं. पाणी पानांना टेकता कामा नये. ठासून भरू नका, नाहीतर वाफ एकाच वाटेने वर जाते आणि बाकीची पानं कच्ची राहतात. फार सैलही नको. पाऊण ते एक तासात ३०० मिली घ्या आणि थांबा. वर तेलाचे पिवळसर डोळे तरंगताना दिसतील. या पानांत तेल हजारी तीनच्या आसपास धरलं तर सगळं मिळून मिलीभर. निमुळत्या मानेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं तर ड्रॉपरने उचलता येतं.

गुलाबाला तेल विसरा. १ किलो तेलाला ३ ते ५ टन पाकळ्या लागतात, तुमच्या पाव किलोत थेंबभर, तोही पाण्यात विरघळलेला. पाणी मात्र सुरेख येतं. दादरच्या फुलबाजारात पहाटे मिळतो तो गावठी गुलाबी गुलाब घ्या. लांब दांड्याचा बुकेवाला गुलाब नुसता दिसायला, त्याला वासच नसतो. २५० ग्रॅम पाकळ्या, १ लिटर पाणी. पाकळ्या वाफेवर गोळा होऊन बसतात, म्हणून गुलाब थेट पाण्यात सोडलेला बरा. तळाला पातळ कापड किंवा जाळी ठेवा म्हणजे करपणार नाही. २५० ते ३५० मिली काढून बंद. पुढे नुसतं उकडलेल्या पालेभाजीसारखं वासाचं पाणी येतं आणि ते मिसळलं की आधीचंही बिघडतं. म्हणून १०० मिलीच्या बाटल्या लावत जा, प्रत्येकीचा वास घ्या, मग ठरवा कुठली मिसळायची. बाजारच्या फुलांवर फवारणी असते. हे पाणी चेहऱ्याला लावायच्या आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. डोळ्यांत घालू नका, पिऊ तर नकाच.

वाळा: १०० ग्रॅम मुळ्या धुऊन, तुकडे करून रात्रभर भिजत. वाळ्याचं तेल जड, कारखान्यात दिवसभर आणि त्याहून जास्त वेळ भट्टी चालते. घरी दोन तासांत मातकट वासाचं सुंदर पाणी मिळेल, तेल नाही. पाणी संपत आलं तर झाकण उघडून उकळतंच टाका. तेवढ्यासाठी आधी गॅस बंद करून वाफ जाऊ द्या.

मोगरा बहुतेकांना निराश करतो. त्याचा वास उकळीत टिकत नाही. पहिले १०० मिली बरे येतात, बस. सोनचाफ्याचंही तसंच.

शेवटी कुकरमध्ये किमान ३०० मिली पाणी शिल्लक हवं. करपल्याचा वास अर्कात एकदा आला की जात नाही.


काचकाम:

साठवणीचं राहिलं. अर्क निघतो तेव्हा निर्जंतुकच असतो, आपण बाटलीने तो खराब करतो. गडद काचेच्या बाटल्या, १० मिनिटं उकळून पूर्ण वाळवलेल्या. बाटलीच्या तोंडावर उकळलेलं कापड टाकून ठेवा म्हणजे गोळा होताना धूळ पडत नाही. काठोकाठ भरा, फ्रिजमध्ये ठेवा, तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत संपवा. तळाशी कापसासारखे पांढरे तंतू दिसले तर बुरशी आहे. गाळून वापरायचं नाही, ओतून द्यायचं.

कुकरमध्ये घालायचं पाणी पालिकेचं चालेल, तलावांचं असल्याने फारसं जड नसतं. पण क्लोरीन असतं आणि ते पहिल्याच वाफेबरोबर अर्कात येतं. आदल्या रात्री उघड्या पातेल्यात ठेवा किंवा १० मिनिटं उकळून घ्या. सोसायटीत टँकर येत असेल तर बाटलीबंद पाणी वापरा, लिटरभरच तर लागतं.


मरवा_दवणा:

ठरलं, कुकर. स्टीलचा घरात आहे, पण तो रोजच्या डाळ-भाताचा. तोच वापरला तर चालेल ना? आणि ३/८ची तांब्याची नळी हाताने वळवताना चपटी होते म्हणतात.


कुकरवाला:

डाळीचा कुकर चालेल, पण गॅस्केट वेगळी घ्या आणि तीच अर्कासाठी ठेवा. हळद-हिंगाचा वास स्टीलला नाही, रबराला चिकटतो.

नळी: एक टोक सेलोटेपने बंद करा, नळीत बारीक कोरडी वाळू किंवा मीठ ठोकत ठोकत गच्च भरा, दुसरं टोक बंद करा. मग पाच-सहा इंच व्यासाच्या पाइपवर किंवा डब्यावर सावकाश गुंडाळा. आत भर असली की चपटी होत नाही. मीठ घ्या, काढायला सोपं: नळी पाण्यात बुडवून ठेवली की विरघळून जातं. फक्त गुंडाळी झाल्यावर लगेच धुवा, रात्रभर मीठ आत राहिलं तर तांबं आतून हिरवं होतं.